जुन्या जीपचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळें, विहिरी, पूल अथवा जुने वाडे यांच्या संबंधानें योजतों. पडकी भिंत पुन्हां उभी करावी, ढासळलेला घाट बांधून काढावा आणि पूर्वजांचें काम पुढल्या पिढीच्या हवालीं करावें, हा त्यांतील भाव. यंत्राच्या बाबतींत मात्र आपली वृत्ति निराळी असते. यंत्र चालतें तोंवर वापरावें आणि बिघडलें कीं भंगारांत घालावें, असाच सर्वसाधारण रिवाज आहे. तथापि कांहीं यंत्रें अशीं असतात कीं, तीं टाकून देण्यास हात धजत नाहीं. जीपगाडी हें अशा यंत्रांपैकीं एक होय. तिचा संपूर्ण जीर्णोद्धार हातीं घेणें म्हणजे नेमकें काय पत्करणें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. हा विषय मला पुस्तकांतून सुचलेला नाहीं. माझ्या मामांच्या परसांत ताडपत्रीखालीं नऊ वर्षें पडून राहिलेल्या एका गाडीनें तो मला शिकविला.

प्रथम या गाडीची थोडीशी ओळख करून घेऊं. सन १९४० मध्यें युरोपांत महायुद्ध भडकलें असतां अमेरिकेच्या सैन्यास टेहळणीसाठीं एक हलकी, चारही चाकांनीं ओढणारी गाडी हवी होती. त्यानें १३५ कारखान्यांकडे मागणी धाडली आणि नमुन्याची पहिली गाडी ४९ दिवसांच्या आंत हजर करावी अशी अट घातली. ही अट पाळली ती बँटम नांवाच्या एका लहानशा कारखान्यानें. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यानें आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं ती गाडी हॉलाबर्ड येथील लष्करी तळावर पोंचली. मागाहून विलिस-ओव्हरलँड व फोर्ड यांनींही आपापले नमुने सादर केले. त्यांत विलिसचें ६० अश्वशक्तीचें इंजिन सर्वांत जोरकस ठरलें, म्हणून पुढें त्याच नमुन्याच्या गाड्या विलिस व फोर्ड या दोघांनीं बांधल्या. युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या सहा लाखांच्या वर गेली.

आपल्याकडे जीप रुजली ती मुंबईमुळें. सन १९४५ मध्यें महिंद्रा अँड मोहम्मद या नांवानें स्थापन झालेली व १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा म्हणून ओळखली जाणारी कंपनी विलिसच्या गाड्यांचे सुटे भाग आणवून त्या मुंबईंत जोडूं लागली. कालांतरानें भागही येथेंच होऊं लागले. विलिसनें १९५३ मध्यें काढलेला 'सी. जे. ३ बी' हा उंच बॉनेटचा नमुना आपल्या परिचयाचा आहे. तें बॉनेट उंच होण्यास कारण असें कीं, त्यांतील 'हरिकेन' इंजिनांत हवा व पेट्रोल आंत घेणाऱ्या झडपा सिलिंडरच्या माथ्यावर बसविल्या होत्या. इंजिन उंच झालें, म्हणून त्यावरील झांकणही उंच करावें लागलें.

आतां ही गाडी आडवाटेनें कां चालते तें पाहूं. साध्या मोटारीचें बळ दोनच चाकांवर जातें. त्यांपैकीं एक चाक चिखलांत नुसतें फिरूं लागलें कीं गाडी जागच्या जागीं अडते. जीपमध्यें गिअरपेटीच्या मागें आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिच्यांतून एक दांडा मागच्या आंसाकडे व दुसरा पुढच्या आंसाकडे जातो. एका दांडीनें पुढचीं चाकें जोडतां येतात, तर दुसरीनें वेग घटवून ओढ वाढवितां येते. युद्धकालीन विलिस गाडींत पहिल्या गिअरचें प्रमाण २.६६, ट्रान्स्फर केसचें १.९७ आणि आंसाचें ४.८८ असे. यांचा गुणाकार विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. इंजिन सुमारें साडेपंचवीस फेरे घेतें, तेव्हां कोठें चाकाचा एक फेरा होतो! वेग जातो खरा, परंतु जवळजवळ तितक्याच मानानें ओढ वाढते. आणि दगडधोंड्यांच्या चढणीवर वेगापेक्षां ओढच कामास येते.

या रचनेंत एक मर्यादाही आहे. गाडी वळते तेव्हां पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर कापतात. परंतु पुढचीं चाकें जोडलेलीं असतां दोन्ही आंस एकाच गतीनें जखडलेले असतात. चिखलांत एखादें चाक थोडें घसरतें व हा ताण मोकळा होतो. डांबरी सडकेवर तसें होत नाहीं. सारा ताण दातेरी चाकांवर व सांध्यांवर बसतो. म्हणून जुनी जीप घेणारानें गाडीच्या रंगापेक्षां आधींच्या मालकाच्या संवयींची चौकशी अधिक करावी.

माझ्या मामांनीं ही चौकशी केली होती. त्यांची गाडी म्हणजे १९६४ सालीं प्रथम नोंदलेली सी. जे. ३ बी. सन २०१३ मध्यें एका ऊस बागायतदाराकडून त्यांनीं ती घेतली, तेव्हां धूर सोडीत कां होईना, ती आपल्या चाकांनीं घरीं आली. पहिल्याच रविवारीं मामांनीं पान्हे हातीं घेतले व संध्याकाळपर्यंत बॉनेट, मडगार्ड, बैठकी व टाकी सुटी केली. दुसऱ्या रविवारीं मित्रांच्या मदतीनें इंजिन उतरलें. नट-बोल्ट बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत पडले. कोणता बोल्ट कोठला हें डोक्यांत राहील अशी त्यांची खात्री होती. मग पावसाळा आला, मामीचें दुखणें निघालें, मामांची बदली झाली आणि जमविलेला पैसा दुसरीकडे लागला. नऊ वर्षें कोणी त्या गाडीस हात लावला नाहीं. चालत आलेल्या गाडीचे चौदा डबे व एक गंजका सांगाडा झाला. ताडपत्रीकडे पाहून मामी एवढेंच म्हणत, "अहो, चालत आली होती हो ती!"

मामांच्या अंगीं हौस नव्हती असें नाहीं. कौशल्यही बेताचें कां होईना, होतें. उणीव होती ती दुसऱ्याच गोष्टीची. त्यांनीं गाडी उघडली, परंतु काम पत्करलें नव्हतें. या दोहोंतील भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. दुरुस्ती म्हणजे जो भाग बिघडला तेवढाच नीट करणें. ती झाली कीं सायंकाळीं गाडी पुन्हां चालूं लागते. डागडुजी म्हणजे पत्रा ठोकून व रंग देऊन बाहेरचें रूप सुधारणें. संपूर्ण जीर्णोद्धारांत मात्र गाडी शेवटच्या बोल्टापर्यंत सुटी करावी लागते, प्रत्येक भाग तपासून नीट अथवा नवा करावा लागतो आणि सर्व पुन्हां जोडावें लागतें. पहिल्या दोन कामांत मध्येंच थांबतां येतें. तिसऱ्यांत थांबलें तर आरंभीं जें हातीं होतें तेंही जातें. यास्तव पहिला नट सैल करण्यापूर्वींच चार गोष्टींचा निर्णय झाला पाहिजे: गाडीची ओळख, तिची प्रकृति, तिचे कागद आणि आपलें सामर्थ्य.

ओळख प्रथम. बाजारांत 'महायुद्धांतली जीप' म्हणून सांगितली जाणारी प्रत्येक गाडी तशी असतेच असें नाहीं. युद्धकालीन गाडीच्या पुढील पत्र्याच्या जाळीस बहुधा नऊ उभ्या फटी असतात. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात. अगदी आरंभींच्या विलिस गाड्यांची जाळी पत्र्याची नसून लोखंडी पट्ट्या जोडून केलेली असे. फोर्डनें बांधलेल्या गाडींत लहानसहान भागांवर व बोल्टांच्या माथ्यांवरही इंग्रजी 'एफ' अक्षर उमटविलेलें आढळतें. विलिसच्या सांगाड्याचा पुढील आडवा दांडा नळीसारखा गोल, तर फोर्डचा पन्हाळीसारखा असतो. गाडी कोणती हें निश्चित ठरल्यावांचून सुटे भाग मागविणें म्हणजे माप न घेतां अंगरखा शिवणें होय.

दुसरी गोष्ट प्रकृति. गंज वरून दिसतो त्यापेक्षां आंतून अधिक खातो. युद्धकालीन जीपच्या तळपत्र्याखालीं बळकटीसाठीं पन्हाळी जोडलेल्या असत व त्यांत लांकूड भरलेलें असे. लांकूड ओल धरून ठेवतें आणि पत्रा आंतून सडतो. तसेंच चालकाच्या बैठकीखालीं, जेथें पेट्रोलची टाकी बसते, त्या खोलगट जागेंत पाणी सांचून भोंकें पडतात. लहान हातोडीनें हलके ठोकून पाहावें: निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. वरचा पत्रा नवा करतां येतो. परंतु सांगाडाच वांकलेला वा तडकलेला असेल, तर काम पत्करण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. वांक ओळखण्याची रीत आपण भूमितींत शिकतों. समोरासमोरच्या बाजू सारख्या असलेल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे भरले, तर तो काटकोनांत आहे. सांगाड्यावरील नेमक्या छिद्रांपासून तिरकस मापें घ्यावीं; त्यांत फरक पडला तर गाडीनें कधीं तरी मोठा आघात सोसला आहे असें समजावें. इंजिन हातानें फिरतें कीं जाम झालें आहे, तेलांत पाणी उतरलें आहे काय, झडपांच्या बैठकीजवळ बिडाला तडा आहे काय, हेंही याच वेळीं पाहावें.

तिसरी गोष्ट कागदांची. हौशी माणूस हिला शेवटीं ठेवतो आणि शेवटींच फसतो. साध्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते व पुढें तपासणी होऊन पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. याशिवाय केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी करतां येते. नियमांत नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें व पुनर्नोंदणीची फी ५,००० रुपये ठरविली गेली. अशी गाडी रोजच्या येरझारीस किंवा धंद्यास वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या गाड्यांचा मेळावा, अभ्यास, पेट्रोल भरणें व दुरुस्ती एवढ्यांसाठींच ती रस्त्यावर आणावयाची. शिवाय सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला असल्यास ही नोंदणी मिळत नाहीं. आपल्याकडे पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून कित्येक जीपगाड्यांचें मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसविण्यांत आलें आहे. रोजच्या कामास तें सोईचें असेल. पण तो जीर्णोद्धार नव्हे. मामांपुढेंही हाच पेंच होता. गाडी शेतावर रोज न्यावी ही त्यांची मूळची इच्छा, आणि गाडी मूळ रूपांत उभी करावी ही दुसरी. दोन्ही साधणार नव्हत्या. आठ दिवस विचार करून त्यांनीं पहिली इच्छा सोडली. माझ्या मतें मामांनीं गाडीचें काम खरोखर पत्करलें तें त्या दिवशीं.

चौथी गोष्ट सामर्थ्य. इंजिन व रंग यांचा खर्च सर्वजण मोजतात. रबरी नळ्या, वायर, काचा, बेअरिंगें, बुश, गॅस्केट, टायर आणि शेंकडों लहान वस्तु कोणी मोजीत नाहीं. या किरकोळ वस्तूंची बेरीज मोठ्या वस्तूंच्या बरोबरीस येऊं शकते. पैशाइतकीच जागाही लागते. सुटी केलेली गाडी उभ्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट जागा अडविते, व ती जागा कोरडी असावी लागते. आणि सर्वांत अधिक लागतो तो वेळ. घरांतल्या माणसांचा रविवार आपण खर्च करणार, तेव्हां त्यांची संमति घेणें हा केवळ शिष्टाचार नव्हे. मामांनीं या खेपेस मामींस विचारलें. त्या म्हणाल्या, "करा, पण या वेळीं डब्यांवर नांवें लिहा."

सन २०२२ च्या दिवाळींत दुसरा आरंभ झाला. मी तेव्हां कॉलेजच्या पहिल्या वर्षांत होतों, व सुट्टींत मामांकडे राहत असें. जवळच्या बाजारपेठेंतील एक वृद्ध मिस्त्री मदतीस आले. त्यांनीं येतांच सांगितलें, "साहेब, इंजिनाला आज हात लावायचा नाहीं. आधीं डबे ओता." जुन्या चादरीवर चौदाही डबे ओतून बोल्ट निवडण्यांत आमचा पहिला महिना गेला. जीपचे बोल्ट मिलिमीटरच्या नव्हे, इंचाच्या मापाचे असतात. त्यांतही बारीक आट्यांचे व जाड आट्यांचे असे दोन प्रकार. एकाच्या जागीं दुसरा जोरानें पिळला तर आटे कायमचे जातात. प्रत्येक जातीस पिशवी, पिशवीस चिठ्ठी, चिठ्ठीची नोंद वहींत, आणि प्रत्येक भागाचें छायाचित्र, असा क्रम मिस्त्रींनीं लावून दिला. हें काम नीरस वाटतें. पण पुढें एकेका पिशवीनें आमचा एकेक दिवस वांचविला.

मिस्त्रींचा दुसरा नियम असा कीं, एक भाग पुरा झाल्यावांचून दुसरा उघडावयाचा नाहीं. प्रथम सांगाडा वाळूच्या माऱ्यानें स्वच्छ करून त्यास रेड ऑक्साइड व रंग दिला. मग कमानीचे पाटे सुटे करून घासले, बुश बदलले, आंस तपासले आणि ब्रेकची सर्व योजना नवी केली. त्यामुळें सातव्या महिन्यांत सांगाडा आपल्या चाकांवर उभा राहिला. या क्रमांत शहाणपण आहे. खर्च टप्प्याटप्प्यानें येतो, आणि मध्यें अडचण आलीच तर हातीं ढीग न राहतां एक पुरी झालेली वस्तु राहते.

इंजिनाकडे आम्ही नंतर वळलों. सिलिंडर आंतून समान झिजत नाहीं. पिस्टन खालीं ढकलला जातांना कडेसही रेटला जातो. म्हणून झीज वरच्या बाजूस अधिक होते व गोल तोंड किंचित् लांबट होतें. वर, मध्यें, खालीं, आणि प्रत्येक ठिकाणीं दोन दिशांनीं माप घेतल्यावर किती रेबोर करावयाचें तें ठरतें. मोठ्या मापाचे पिस्टन ०.०२०, ०.०३० इंच अशा ठराविक वाढीनेंच मिळतात. मिस्त्रींचा आग्रह असा कीं, पिस्टन आधीं हातीं घ्यावेत व मग त्यांच्या मापानें सिलिंडर कापवून घ्यावा. कापलेलें लोखंड परत येत नाहीं.

पत्र्याचें काम सर्वांच्या शेवटीं केलें. त्यांतही नवा तळपत्रा पुरता जोडण्यापूर्वीं कवच सांगाड्यावर ठेवून सारीं छिद्रें जुळतात कीं नाहीं हें पाहिलें. नाहीं तर जोड पक्का झाल्यावर एकही बोल्ट बसत नाहीं. येथें सावधगिरीच्या दोन गोष्टी मुद्दाम सांगतों. जुनी पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तींत वाफ राहते. ती घरीं वेल्डिंग करूं नये, स्फोटाचें भय असतें. तसेंच जुन्या ब्रेकच्या अस्तरांत व गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असूं शकतो. त्याची धूळ हवेनें उडवूं नये, ओलसर फडक्यानें टिपावी. तिच्यापासून फुप्फुसांचे असाध्य रोग होतात. हौसेपायीं आरोग्य गमावणें कोणत्याही हिशेबांत बसत नाहीं.

या काळांत दोनदां काम थांबण्याची पाळी आली. एकदां पैसे संपले. एकदां लेथवरून आलेला एक भाग मापांत चुकीचा निघाला व तीन महिने गेले. पूर्वीं अशाच प्रसंगीं ताडपत्री पडली होती. या खेपेस मात्र पुढचें पाऊल वहींत लिहिलेलें होतें. पैसा नव्हता तेव्हां आम्ही फुकटचें काम केलें: बोल्ट घासले, दिव्यांच्या वाट्या चकचकीत केल्या, वायरिंगचा नकाशा काढला. संकल्प म्हणजे उत्साहाचा भर नव्हे. उत्साह ओसरल्यावर सोमवारीं काय करावयाचें तें आधींच ठरवून ठेवणें, यालाच मी संकल्प म्हणेन.

डिसेंबर २०२४ मध्यें एका सकाळीं इंजिन सुरू झालें. प्रथम खोकलें, मग थांबलें, मग संथपणें चालूं लागलें. मिस्त्री कांहीं न बोलतां कान लावून बराच वेळ ऐकत राहिले आणि मग त्यांनीं हात पुसले. चौदाव्या डब्यांत सात बोल्ट उरले होते. आम्ही घाबरलों, वही उघडून प्रत्येक जागा तपासली, कोठेंही कांहीं उणें नव्हतें. शेवटीं मामींनीं तो डबा पाहिला व ते बोल्ट जुन्या पाण्याच्या पंपाचे असल्याचें सांगितलें.

त्या दिवशीं मामी पुढें बसल्या. गाडी फाटकांतून बाहेर निघतांना त्यांनीं ताडपत्रीच्या रिकाम्या जागेकडे एकवार पाहिलें आणि म्हणाल्या, "चालत आली होती, आज चालत बाहेर पडली."